आखूडशिंगी गाडी

गाडी खाली बसवणे आणि गाडीत सुखाने बसणे या दोन इच्छा एकाच माणसाच्या मनात गुण्यागोविंदाने राहू शकतात. त्यांचे भांडण सुरू होते ते एकाच गाडीखाली संसार थाटायला गेल्यावर. माझ्या मनात त्या बरीच वर्षे सुखाने राहत होत्या. रस्त्यावरून जाणारी एखादी बुटकी, चाकांवर घट्ट बसलेली गाडी दिसली की माझी मान आपोआप तिच्याकडे वळत असे, आणि तेवढ्यात माझी स्वतःची गाडी खड्ड्यात गेल्यामुळे ती मान तशीच अवघडून राहत असे. सस्पेन्शन, म्हणजे चाके आणि गाडीचे अंग यांच्यामध्ये बसून धक्के झेलणारी स्प्रिंग वगैरे मंडळी, बदलले की मानेची ही दोन्ही दुखणी एकदम बरी होतील, असे मला वाटू लागले. आखूडशिंगी, बहुदुधी गाय शोधणाऱ्याला लोक निदान हसून सोडून देतात. गाडीच्या बाबतीत तीच मागणी करणाऱ्याला लोक सल्ले देतात.

कारखान्यातून आलेल्या कोणत्याही साध्या गाडीच्या टायरचा माथा आणि वरची कमान यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा असते. ज्यांना गाड्यांचे वेड नाही त्यांना ही जागा जन्मभर दिसत नाही, आणि ज्यांना आहे त्यांना गाडीत दुसरे काहीच दिसत नाही. या मंडळींत ती जागा बोटांनी मोजण्याची पद्धत आहे. चार बोटांचा गॅप म्हणजे लाजिरवाणी अवस्था. दोन बोटे म्हणजे सुसंस्कृतपणा. एक बोट म्हणजे शौर्य. आणि बोटच आत जात नसेल तर त्या गाडीचा मालक रोज कामावर दुसऱ्या कशाने तरी जातो, असे खुशाल समजावे. बोटे नक्की कोणाची, हा प्रश्न कोणी विचारत नाही. खरे मोजमाप चाकाच्या मध्यबिंदूपासून कमानीच्या कडेपर्यंत टेप लावून घेतात, म्हणजे टायरमधली हवा कमीजास्त असली तरी आकडा बदलत नाही. पण टेप कोणालाही वाचता येतो आणि बोटे फक्त जाणकारांना, म्हणून टेप सहसा बाहेर निघत नाही. मी पार्किंगमध्ये ओणवा होऊन गाडीला बोटे लावत असताना शेजारच्या काकांनी "काही हरवलंय का?" असे काळजीने विचारले. "हरवलं नाही, दोन बोटं जास्त सापडलीत," हे उत्तर मी मोठ्या संयमाने गिळले.

घरात मात्र हा विषय बोटांच्या भाषेत मांडण्यासारखा नव्हता, म्हणून मी आईच्या कमरेचा विषय काढला. मागच्या सीटवर बसून आई ज्या हालअपेष्टा सोसते त्यांचे वर्णन मी इतक्या कळवळ्याने केले की त्यांतल्या काही खुद्द आईलाच नव्याने कळल्या. चांगले सस्पेन्शन टाकले की गाडी कशी तरंगत जाते हे मी सांगितले, आणि अगदी जाता जाता, गाडी थोडीशी खाली येईल असेही पुटपुटलो. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा उद्योग घरोघरी चालतो; आमच्याकडे ते भांडे बायकोला आधी दिसते. "अहो, आईंच्या कमरेसाठी गाडी जमिनीला कशाला टेकवायला हवी?" असे तिने विचारले. सस्पेन्शनशास्त्राचा सगळा पेच या एका वाक्यात आला होता, आणि पुढे या विषयावर मी जे काही वाचले त्यात तो इतक्या सरळ शब्दांत कुठेही मांडलेला आढळला नाही.

पेच असा की स्प्रिंग नरम हवी असेल तर तिला दबायला जागा लागते. जेवढा भार वाढेल त्या प्रमाणात स्प्रिंग दबते, हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये छापून ठेवला. तेव्हा गाड्या घोडे ओढत असत आणि त्या खाली बसवण्याची हौस कोणाला नव्हती. गाडी उभी असताना तिचे स्वतःचे वजन स्प्रिंगला किती दाबते, यावरून ती रस्त्यावर किती संथ डुलेल याचा हिशेब निघतो. सेकंदाला एकच हेलकावा, म्हणजे जुन्या ऐसपैस गाड्यांचा डौल हवा असेल, तर स्प्रिंग नुसत्या वजनानेच साधारण २५ सेंटिमीटर दबलेली असावी लागते. दीड हेलकावा चालणार असेल तर ११ सेंटिमीटर पुरतात, आणि दोन हेलकाव्यांचा स्पोर्ट्स कारचा ताठा पत्करला तर सहाच्या आसपास. हे झाले उभ्या गाडीचे. खड्ड्यावरून जाताना चाकाला वर उसळायला जी जागा लागते ती याच्याही पुढची, आणि ती जागा म्हणजे बहुतांशी माझी ती चार बोटे. गाडी खाली आणली की उसळायची जागा कमी होते; जागा कमी झाली की चाक वर आदळू नये म्हणून स्प्रिंग कडक घ्यावी लागते; आणि स्प्रिंग कडक घेतली की पुन्हा आईची कंबर. कारखान्यातल्या अभियंत्यांनी ती चार बोटे केवळ गाडी वाईट दिसावी म्हणून ठेवलेली नसतात हे कळल्यावर मला त्यांच्याबद्दलचा जुना राग सोडून द्यावा लागला, आणि जुना राग सोडताना माणसाला थोडे पोरके वाटतेच.

सल्लागारांत पहिला मान माझ्या चुलतभावाचा. त्याचे म्हणणे असे की नवे काही घ्यायचेच नाही, आहे त्याच स्प्रिंगचा एक वेढा ग्राइंडरने कापून टाकायचा. "अरे, वेढा कमी, उंची कमी, संपला विषय!" उंची खरोखरच कमी होते. पण स्प्रिंग म्हणजे वेटोळे घातलेली लांब तारच असते. भार आला की ती पिळली जाते, आणि तार जेवढी आखूड तेवढी ती पिळायला अवघड. सहा वेढ्यांतला एक कापला तर उरलेली स्प्रिंग सुमारे २० टक्क्यांनी अधिक कडक होते. शिवाय कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक हवेत लोंबकळले की आखूड झालेली स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. भावाने स्वतःच्या गाडीचे वेढे कापून बराच काळ लोटला आहे. हल्ली तो जिथे भेटेल तिथे उभ्यानेच बोलतो.

दुसरा सल्ला होता तयार लोअरिंग स्प्रिंगचा, म्हणजे शॉकॲब्सॉर्बर कंपनीचेच ठेवून त्यांवर आखूड आणि कडक स्प्रिंग चढवण्याचा. स्प्रिंग धक्का झेलते आणि साठवून ठेवते. तो परत उसळी मारू लागला की तेलाला बारीक छिद्रांतून ढकलून त्याची उष्णता करून टाकण्याचे काम शॉकॲब्सॉर्बरचे. कंपनीचा शॉकॲब्सॉर्बर कंपनीच्या स्प्रिंगच्या स्वभावाला धरून बेतलेला असतो. त्याच्या गळ्यात अनोळखी कडक स्प्रिंग बांधली की ती उसळत राहते आणि हा तिला आवरता आवरता अकाली म्हातारा होतो. उरला तिसरा मार्ग, कॉइलओव्हर. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकमेकांना शोभतील असे एकत्रच घ्यायचे, आणि उंची आपल्या हाताने ठरवायची. हाताने ठरवायची हे वाचताच मी पुढचे वाचणे थांबवले.

आमच्या मिस्त्रींनी माझे सगळे पर्याय शांतपणे ऐकून घेतले, गाडी लिफ्टवर चढवली आणि पहारीने लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, जरासा उचकून दाखवला. आर्मच्या मुळाशी असलेल्या बुश नावाच्या सांध्याचे रबर फाटले होते आणि पहार हलली की त्यातल्या भेगा उघडत आणि मिटत होत्या. मग त्यांनी पुढचा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांचा जोडखांब, उतरवला. त्याच्या अंगावर तेलाचा ओघळ सुकून त्यात धूळ बसली होती. स्प्रिंग सुटी केल्यावर त्याचा मोकळा दांडा त्यांनी तळहाताने आत दाबला. अर्ध्यापर्यंत तो कसलाही विरोध न करता गेला, एका जागी अडखळला आणि पुन्हा मोकळा झाला. स्ट्रट पुरता दबला की शेवटचा धक्का झेलणारा, बंप स्टॉप नावाचा फोमचा जो ठोकळा निघायला हवा होता त्याचा फक्त चुरा निघाला. "साहेब, गाडी कडक नाहीये तुमची," मिस्त्री म्हणाले, "थकलीय." म्हणजे इतकी वर्षे मी ज्याला कंपनीचे सस्पेन्शन म्हणून नावे ठेवत होतो ते कंपनीचे म्हणण्यासारखे उरलेलेच नव्हते. नुसते बुश, स्ट्रट माउंट, लिंक रॉड आणि मूळ मापाचे शॉकॲब्सॉर्बर नवे टाकले तरी कमरेचा प्रश्न बहुतेक तिथेच मिटेल, असे मिस्त्रींनी सुचवून पाहिले. पण त्यात गाडी केसभरही खाली येणार नव्हती, त्यामुळे मी बुश नवे टाकायला संमती दिली आणि बाकीच्या बाबतीत विषय बदलला.

या कामातली एक गोष्ट मात्र डोळ्यांनी पाहावी अशी होती. सगळे जोडून झाले तरी मिस्त्रींनी लोअर आर्मचे बोल्ट ढिलेच ठेवले, गाडी खाली उतरवून चाकांवर पूर्ण वजन येऊ दिले, ती पुढेमागे ढकलून नीट बसू दिली, आणि मग गाडीखाली सरपटत जाऊन शेवटचा आवळा दिला. बुशमधले रबर आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही नळ्यांना चिकटवलेले असते. ते घसरत नाही, पिळते. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते, विनाकारण एक जास्तीची स्प्रिंग होऊन बसते आणि लवकर फाटते. गाडी खाली आणलेली असेल तर हा पीळ आणखी मोठा. नवे बुश टाकूनही पुन्हा खडखड येते अशी तक्रार करणाऱ्या पुष्कळांचे दुखणे या शेवटच्या आवळ्यात असते, आणि ते दोष देत राहतात रबराला.

कॉइलओव्हरच्या नळीवर आटे असतात आणि त्यांवरची कडी किल्लीने फिरवली की गाडी खाली-वर होते. आटे दिसले की माणूस ते संपेपर्यंत कडी फिरवतो. हा मनुष्यस्वभाव आहे, यंत्रशास्त्राचा त्यात दोष नाही. गाडी एका बोटावर आली. ती उभी असताना तिच्याकडे पाहून माझे डोळे भरून आले. ती चालू लागल्यावर सगळ्यांचेच आले. इतक्या खाली बसलेल्या गाडीचा स्ट्रट जवळजवळ बंप स्टॉपवरच टेकलेला असतो. स्प्रिंग नरम घेतली काय आणि कडक घेतली काय, ती कामावर रुजूच होत नाही, आणि सगळा कारभार त्या मूठभर फोमकडे जातो. रस्त्यावरची प्रत्येक भेग, प्रत्येक सांधा आणि गटाराचे प्रत्येक झाकण आम्हाला स्वतंत्रपणे कळवले जाऊ लागले. बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला साधारण चार ते आठ या गतीच्या उभ्या हादऱ्यांना सर्वांत हळवे असते; तो टप्पा माझ्या गाडीने नेमका हेरला होता. आई वरची मूठ धरून मागे बसली होती. तिने तक्रार केली नाही. "पोचलो की सांग रे," एवढेच म्हणून तिने डोळे मिटून घेतले.

गतिरोधक दिसला की मी गाडी तिरकी करून एकेक चाक चढवू लागलो, आणि मला नक्की कुठे वळायचे आहे हे न कळून मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला. अशा वेळी गाडीतले सगळे जण श्वास रोखून अंग वर उचलून धरतात. त्याने गाडीचे वजन कमी होत नाही हे पक्के ठाऊक असूनही मी स्वतः स्टिअरिंगला लोंबकळतो. तळघरातल्या पार्किंगच्या रॅम्पवर सपाटी संपून उतार लागतो तिथे पोट घासते आणि उतार संपून सपाटी लागते तिथे बंपर. मधला भाग सुखाचा असतो. या सगळ्याच्या बदल्यात जे रूप मिळाले त्याला कोणीतरी दाद देईल अशी आशा होती, आणि ती पेट्रोल पंपावरच्या मुलाने दिली. "साहेब," गाडीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "चारही चाकांत हवा कमी वाटतेय."

निदान वळणावर तरी गाडी कमी कलंडेल, हे समाधानही धड मिळाले नाही. बहुतेक साध्या गाड्यांत पुढे स्ट्रटची जी रचना असते ती अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४० च्या दशकात आखली. या रचनेत गाडी फार खाली आणली की लोअर आर्म चाकाच्या बाजूला चढता होतो, आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडी जेवढी खाली आली त्याहून जास्त खाली घसरतो. गाडीला कलंडवणारी तरफ त्यामुळे लांब होते, आणि कडक स्प्रिंगने कमावलेले बरेचसे इथे खर्ची पडते. जमिनीला टेकवलेली गाडी कशी स्थिर वाटते, असे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. ते उभ्या गाडीबद्दल बोलत असतात.

शेवटी कडी उलटी फिरवून गाडी मूळ उंचीपेक्षा अडीच सेंटिमीटर खाली, एवढ्यावर आणली आणि मग क्लिकचा अध्याय सुरू झाला. शॉकॲब्सॉर्बरच्या टोकाला एक नॉब असतो. तो पूर्ण आवळायचा आणि तिथून मागे फिरवत क्लिक मोजायचे, जेवढे मागे तेवढे नरम. चाक परत खाली येण्याची गती फार आवळून धरली तर एका खड्ड्यात दबलेले चाक पुढचा खड्डा येईपर्यंत पुरते खाली येत नाही, आणि ओळीने खड्डे लागले की गाडी प्रत्येक खड्ड्याला थोडी थोडी बसत जाते. फार सैल सोडली तर खड्डा मागे पडल्यावरही ती होकार देत राहते. मागच्या सीटचे गणित आणखी वेगळे. पुढचे चाक खड्ड्यात आधी जाते आणि मागचे नंतर, म्हणून गाडीची मागची बाजू जराशी जलद डुलेल अशी ठेवली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी नाक-शेपूट आळीपाळीने न आपटता सपाट राहते. मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३० च्या दशकात अमेरिकेत हे दाखवून दिले, असे मी आईला सविस्तर समजावून सांगितले. "मग त्या ऑलींनाच बोलाव," ती म्हणाली.

दर संध्याकाळी मी दोन क्लिक इकडे, एक क्लिक तिकडे असे करून सगळ्यांना फेरी मारून आणू लागलो आणि फरक विचारू लागलो. फरक मला एकट्याला जाणवत असे. तेव्हा बायकोने एक प्रस्ताव मांडला. क्लिक ती फिरवणार, किती आणि कुठल्या बाजूला ते सांगणार नाही, आणि मी गाडी चालवून ते ओळखायचे. ती बॉनेट उघडून बराच वेळ वाकली, मग मागच्या चाकांपाशी बसली, हात झटकत आत आली आणि "झालं" म्हणाली. मी त्याच रस्त्यावरून गाडी नेली. पुढची बाजू आता लहान खड्डे कसे अलगद गिळते, पण लांब लाटांवर मागून किंचित सैलपणा कसा जाणवतो, आणि यावरून पुढे दोन क्लिक नरम नि मागे बहुधा एकच केलेला दिसतो, हे मी तिला वळणावळणाला थांबून समजावले. तिने सगळे ऐकून घेतले. घरी पोचल्यावर, पर्स खांद्याला लावत तिने सांगितले की तिने कशालाही हात लावलेला नव्हता. या प्रयोगावर माझा एक आक्षेप अजून शिल्लक आहे. त्या दिवशी हवा थंड होती, आणि तापमानाने तेलाचा दाटपणा बदलतो.

व्हील अलाइनमेंटविषयी फार सांगण्यासारखे नाही. गाडी खाली आली की चाके माथ्याकडून आत झुकतात, त्यांचा टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडे किती आत-बाहेर वळली आहेत तो कोन, बदलतो, आणि टायर आतल्या काठाने झिजू लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला टायर नवा दिसतो आणि तो आतून तार दाखवत असतो. म्हणून उंची बदलली की अलाइनमेंट पुन्हा, आणि उंची मी सतत बदलत असल्यामुळे मशीनवरचा तो मुलगा आता माझ्याशी घरच्यासारखे बोलतो. हेडलाइटही तपासून घ्यावे लागतात. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त बसली तर प्रकाश वर जातो आणि समोरून येणारे लोक दिवे मिचकावून आपला अभिप्राय कळवतात. काही दिवस मी ती गाडीची तारीफ समजत होतो.

खरा चमत्कार टायरने केला, आणि ते कबूल करणे कॉइलओव्हरच्या मालकाला जड जाते. रूपासाठी म्हणून मी आधीच मोठ्या रिमवर पातळ टायर चढवले होते. टायरची बाजूची भिंत ही रस्त्याला भेटणारी पहिली स्प्रिंग. ती पातळ केली की लहानसहान हादरे स्प्रिंगपर्यंत थांबतच नाहीत. कंपनीच्या मापाचे रिम आणि जाड भिंतीचे टायर परत घातले, हवा दाराच्या कडेवरच्या पट्टीत लिहिल्याप्रमाणे भरली, आणि पोटातले पाणी हलेनासे झाले. आता हिशेब करायचा तर आरामातला मोठा वाटा नव्या बुशचा आणि या टायरचा, थोडा वाटा धडधाकट शॉकॲब्सॉर्बरचा, आणि कॉइलओव्हरच्या आट्यांचा वाटा म्हणजे माझ्या डोळ्यांना दिसणारे ते अडीच सेंटिमीटर. कमानीत आता अडीच बोटे जातात. अर्धे बोट कसे मोजतात ते जाणकारांना विचारू नये.

आईने परवा निकाल दिला. गाडी आता अजिबात आपटत नाही, कंबर ठीक आहे, परंतु सीट खोल गेल्यामुळे उतरताना गुडघ्यांवर जोर येतो. "चालताना राहू दे खाली," ती म्हणाली, "पण मी उतरताना तेवढी वर नाही का रे करता येत?" करता येते. १९५५ मध्ये पॅरिसला दाखवलेल्या सिट्रोएन डीएसला स्टीलच्या स्प्रिंगच नव्हत्या. तेल आणि नायट्रोजन भरलेल्या गोळ्यांवर ती उभी राहत असे, आत कितीही माणसे बसली तरी उंची तीच धरत असे, एका दांडीने वर-खाली होत असे आणि उभी करून ठेवली की हळूहळू आपण होऊन जमिनीकडे बसत असे. इतकी आखूडशिंगी आणि इतकी बहुदुधी गाडी सत्तर वर्षांपूर्वीच होऊन गेली होती. तिच्या जवळपास जायचे तर हल्ली एअर सस्पेन्शन बसवतात. त्यासाठी कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी डिकीत ठेवावी लागते, आणि मी टेप लावून पाहिले, स्टेपनी काढली तर दोन्ही बरोबर बसतात. टेप पाहून बायकोने "आता काय मोजताय?" असे विचारले आहे, आणि मी आईच्या गुडघ्यांपासून सुरुवात केली आहे.